हृदयाच्या स्कॅनचं सेंटर: काम चोख, फोनवरची माहिती अर्धवट

मामांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे कामातून गेलेत. ट्रेडमिलवर चालणं जमणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी ट्रेडमिलऐवजी इंजेक्शन देऊन करायची स्ट्रेस थॅलियम, म्हणजे हृदयाला रक्त नीट पोचतं का ते बघायचा स्कॅन, लिहून दिली. कोल्हापुरातल्याच एका सेंटरला गेलो. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे.

तक्रार आधी. फोनवर फक्त "उपाशीपोटी या" एवढंच सांगतात. या इंजेक्शनचं काम चहा-कॉफीतल्या कॅफिनमुळे अडतं, त्यामुळे आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट सगळं बंद पाहिजे. आम्हाला हे हार्टच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. गडहिंग्लजहून आलेले एक काका मात्र स्टँडवर चहा पिऊन आले आणि तसेच परत गेले. त्यांचा एसटीचा हेलपाटा कुणी भरून द्यायचा?

आतलं काम मात्र एक नंबर. टेक्निशियन मुलगी मामांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होती. फोटोत हृदय दिसावं म्हणून किरणोत्सर्गी औषध टोचतात. नाव थॅलियम असलं तरी दिलं टेक्नेशियम. ते दर सहा तासांनी निम्मं होतं, साठवून ठेवता येत नाही. ते मॉलिब्डेनमपासून तयार होत राहतं, म्हणून मॉलिब्डेनम भरलेल्या डब्यातून (त्याला जनरेटर म्हणतात) लागेल तसं काढतात, आणि ते मॉलिब्डेनमही ६६ तासांत निम्म्यावर येतं. मामांची नोकरी दूध संस्थेत गेलेली. ते लगेच म्हणाले, "म्हणजे रोज धार काढायची!" ती हसली, "काका, आम्हीपण मिल्किंगच म्हणतो." वेळेबाबत ही माणसं एवढी कडक का, ते इथं कळतं. उशीर केलात तर औषध थांबत नाही.

आधी आरामातला टेक्नेशियमचा कमी डोस आणि फोटो, मग स्ट्रेसचं इंजेक्शन, मोठा डोस, पुन्हा फोटो. मध्ये दूध आणि ब्रेड-बटर खायला लावतात, म्हणजे शेजारच्या लिव्हरमधलं औषध सरकतं आणि हृदय साफ दिसतं. मामांनी मिसळ चालेल का विचारून पाहिलं. फोटोच्या वेळी हात डोक्यावर धरून निश्चल पडायचं असतं. खांदा दुखत असेल तर आधीच सांगा, उशी देतात.

घरी तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवशी अंतर ठेवा आणि पाणी भरपूर प्या. चोवीस तासांत टेक्नेशियमचा सोळावा हिस्सा उरतो, लघवीतून जातं ते वेगळंच. या सूचनांचा कागद सेंटरनं दिला, पण इंग्रजीत. मामांना मीच वाचून दाखवला.

पाचपैकी चार. मराठी कागद छापला आणि फोनवर चहाचं सांगितलं, की पाचवा देते.