अपस्ट्रीम घ्यायचाय: कच्चा बीजीपी डेटा की कायडाची यादी?

दुसरा अपस्ट्रीम, म्हणजे वरून इंटरनेट पुरवणारं मोठं जाळं, शोधणाऱ्या छोट्या आयएसपीला (इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीला) प्रत्येक सेल्सवाला सांगतो, ‘सर, आमचं सगळ्यांशी डायरेक्ट आहे.’ म्हणजे इतर जाळ्यांशी थेट जोडणी. हे फुकटात तपासता येतं. फक्त कशावरून तपासायचं ते ठरवावं लागतं.

कच्चा बीजीपी डेटा (बीजीपी म्हणजे जाळी एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत) ओरेगन विद्यापीठाच्या राउटव्ह्यूजकडे आणि युरोपात आयपी पत्ते वाटणाऱ्या राइप एनसीसीच्या आरआयएसकडे मिळतो; दोघांचे कलेक्टर अनेक जाळ्यांकडून रस्त्यांची फीड घेतात. पहिल्यात दर २ तासांनी रस्त्यांचं अख्खं टेबल साठवलं जातं, दुसऱ्यात दर ८ तासांनी. मधल्या बदलांच्या फायली वेगळ्या. एएस पाथ, म्हणजे वाटेतल्या जाळ्यांच्या नंबरांची ओळ, उजवीकडून वाचायचा: टोकाचा नंबर प्रिफिक्स (आयपी पत्त्यांचा गट) जाहीर करणाऱ्याचा, त्याला लागून डावीकडे बहुतेक वेळा त्याचा अपस्ट्रीम. टोकाचा नंबर सलग तीन-चारदा दिसला, तर पाथ मुद्दाम लांबवलाय, त्या बाजूने ट्रॅफिक यायला नकोय. बहुधा ती बॅकअप लिंक आहे. अशी खूण तयार यादीत सापडत नाही. पण या फायली चाळायला हातात वेळ हवा.

कायडा ही सॅन डिएगोची संस्था याच पाथांवरून जाळ्यांमधली नाती ताडते आणि दर महिन्याला यादी काढते. ६४५३|४७५५|-१ अशी ओळ असेल तर पहिला प्रोव्हायडर, दुसरा ग्राहक. शेवटी ० असेल तर दोघे पीअर, म्हणजे आपापल्या ग्राहकांचं ट्रॅफिक थेट अदलाबदल करणारे बरोबरीचे. काम झटपट होतं, पण हे अनुमान आहे, करार कोणी पाहिलेला नाही. वरचे दोन्ही नंबर टाटा कम्युनिकेशन्सचेच: एक जागतिक जाळ्याचा, दुसरा जुन्या व्हीएसएनएलपासूनचा भारतातला. यादीपुरतं गिऱ्हाईक, प्रत्यक्षात घरचाच मामला!

पीअरिंगच्या बाबतीत मात्र दोन्ही तोकडे पडतात. पीअरकडून आलेला राउट आपल्या ग्राहकांनाच द्यायचा, दुसऱ्या पीअरला किंवा प्रोव्हायडरला नाही, असा रिवाज आहे. त्यामुळे मुंबईच्या इंटरनेट एक्स्चेंजवर (जाळी एकमेकांना जोडतात त्या ठिकाणी) दोघांनी हात मिळवले, पण ते किंवा त्यांचे ग्राहक कुठल्याच कलेक्टरला फीड देत नसले, तर ती लिंक या दोन्हींत दिसत नाही. पीअरिंगडीबी या सार्वजनिक यादीवर कोण कुठल्या एक्स्चेंजवर आहे ते कळतं, पण ती माहिती ज्याची त्याने भरलेली. शिवाय एका एक्स्चेंजवर असणं म्हणजे पीअरिंग असणं नव्हे.

मी ट्रान्झिटसाठी (विकत घ्यायच्या अपस्ट्रीम जोडणीसाठी) कायडावरून दोन-तीन नावं काढेन आणि तेवढ्यांचेच पाथ राइपच्या राइपस्टॅट साइटवर, ब्राउझरमध्येच, बघेन. ‘डायरेक्ट’च्या दाव्यासाठी सेल्सवाल्याकडे लुकिंग ग्लासची (त्यांच्या राउटरला दिसणारे रस्ते दाखवणाऱ्या वेबपानाची) लिंक मागायची आणि आपले ग्राहक जिथे जास्त जातात ते प्रिफिक्स तिथे टाकून बघायचे. लिंक द्यायला टाळाटाळ झाली, तर भाव कितीही चांगला असो, मी सही लांबवेन.