युरियापासूनचा कार्बन नायट्राइड: पावडर सोन्यासारखी, खर्च प्लॅटिनमचा

उजेडात पाण्यातून हायड्रोजन सोडवायला कार्बन नायट्राइड (कार्बन आणि नायट्रोजनचं, उजेड शोषणारं संयुग) चालतो हे 2009 मध्ये दाखवलं गेलं. मेलामाइनपासून केलेली त्याची पावडर घट्ट असते, पृष्ठफळ ग्रॅमला जेमतेम 10 चौरस मीटर. युरियाची पिसासारखी हलकी, 50 च्या पुढे सहज. 50 मिलिग्रॅम तोललं तरी चमच्यावर ढीग, आणि फुंकर लागली की गेला. तापताना सुटणारे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडच तिच्यात भोकं पाडतात, त्यामुळे भोकांसाठी सिलिकाचा साचा नको आणि तो विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्लही नको.

तेच वायू माल मात्र खातात. 10 ग्रॅम युरियातून अर्धा ग्रॅम मिळाला तरी खूप. मुशीवर घट्ट झाकण हवंच. उघडी ठेवली तर तळाला काही उरत नाही. तापमान मिनिटाला 5 अंश सेल्सिअसने वाढवा, 550 अंशांवर 2 ते 4 तास, आणि भट्टी फ्यूम हूडखाली (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात). घाईने 600 च्या वर नेलं तर पावडर स्वतःच विघटित व्हायला लागते. फिकट पिवळा रंग बरोबर. पांढुरकी राहिली तर कच्ची. शेतीच्या गोणीतला युरिया घेऊ नका, त्याला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं.

चाचणी: 100 मिलि द्रावणात 50 मिलिग्रॅम पावडर, आकारमानाने 10 टक्के ट्रायइथॅनॉलअमाइन (पावडरला इलेक्ट्रॉन पुरवणारं रसायन), आणि पावडरच्या वजनाच्या 3 टक्के प्लॅटिनम (त्यावर हायड्रोजन तयार होतो). आधी अर्धा तास आरगॉन सोडा, कारण राहिलेला ऑक्सिजन उजेडाने पावडरीत सुटलेले, हायड्रोजनसाठी लागणारे इलेक्ट्रॉन पळवतो. भांड्याभोवती पाणी फिरतं ठेवा, दिव्याने द्रावण तापतं. पावडर दुप्पट केली म्हणून वायू दुप्पट होत नाही. द्रावण दुधाळ झालं की उजेड आत शिरत नाही. वायू मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला वाहक वायू (नमुना पुढे नेणारा) आरगॉनच लावा, हेलियमवर हायड्रोजनचं शिखर नीट दिसत नाही.

आता तक्रार. प्लॅटिनमशिवाय हायड्रोजन नावापुरताच, आणि प्लॅटिनमचा क्षार महाग. ट्रायइथॅनॉलअमाइनही खर्ची पडतं, ऑक्सिजन सुटत नाही. म्हणून याला पाण्याचं पूर्ण विघटन म्हणणं अतिशयोक्ती. 460 नॅनोमीटरच्या पलीकडचा (हिरवा, पिवळा, लाल) उजेड तर ही पावडर जवळपास घेतच नाही, म्हणजे उन्हाचा मोठा भाग वाया. पृष्ठफळाच्या आकड्यावरही भुलू नका: भोकांबरोबर दोष वाढतात आणि दोषांपाशी इलेक्ट्रॉन अडकतात.

शिकायला आणि तुलनेसाठी हीच घ्या. फेरवापराला मात्र गाळणी नको, सेंट्रिफ्यूज वापरा. बारीक पावडर कागदातच अडकून बसते.