कुडाळचा नेटवर्किंग क्लास: रॅकसाठी जा, नोट्स तिथंच ठेवून या

सीसीएनएसाठी (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा) कुडाळला मी जो क्लास लावला होता तो कसा आहे, लावू का, पैसे वसूल होतात का, असं गेल्या महिन्याभरात सात-आठ जणांनी विचारलं. प्रत्येकाला वेगळं टाईप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली तक्रार पण आहे आणि सरांकडे माझं अजून येणंजाणं आहे.

आधी माझं थोडं सांगतो, नाहीतर रिव्ह्यू कोण देतोय ते कळणार नाही. मी मालवणात सीसीटीव्ही आणि वायफाय बसवायची कामं करतो, जास्त करून तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांकडे. आठ वर्षं झाली. राऊटर लावायचा, पासवर्ड टाकायचा, पैसे घ्यायचे, आणि नंतर फोन आला की "बंद करून परत चालू करा" म्हणायचं, एवढंच आपलं इंजिनिअरिंग. मग एका रिसॉर्टवाल्याने विचारलं की गेस्टचं वायफाय आणि आमचे कॅमेरे वेगळे करता येतील काय, तर मी हो म्हटलं आणि घरी येऊन यूट्यूब लावला. तिथं व्हीलॅन, ट्रंक, सबनेट असले शब्द ऐकले आणि कळलं की आठ वर्षं आपण अंधारातच गाडी चालवतोय.

तर क्लास. शनिवार-रविवार, दोन-दोन तास, तीन महिने, फी ९ हजार, दोन हप्त्यात चालते. जागा म्हणजे बाजारपेठेपासून जरा आत एक जुनं चिरेबंदी घर आहे, त्याची माडी. सर टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, बोलणं पूर्ण मालवणी, इंग्रजी शब्द पण मालवणीच्याच चालीत. मी मालवणहून चौके, नेरूरपारच्या पुलावरून बाईकने जायचो, पावसात पोचेपर्यंत रेनकोटच्या आत पण ओला. बॅचमध्ये आम्ही बारा जण, त्यातले बरेचसे डिप्लोमाची पोरं, एक मोबाईल दुकानवाला, एक बँकेतल्या बाई ज्या कोणाला न सांगता यायच्या, आणि मी.

माडीच्या कोपऱ्यात एक लोखंडी रॅक आहे. तीन राऊटर, चार स्विच (बऱ्याच केबली एकत्र जोडायची नेटवर्कची पेटी), सगळे सेकंडहँड, पंख्यांचा आवाज असा की पावसाचा आवाज कमी वाटावा. याच रॅकसाठी मी हा क्लास लावा म्हणतोय. चार स्विचपैकी एकाचे चार पोर्ट मेलेले आहेत आणि सरांनी तो मुद्दाम वर ठेवलाय. पहिल्या दिवशी तो हातात देऊन विचारलं, हे का मेले सांग. कोणाला येईना. तर म्हणे घरापासून बागेतल्या शेडपर्यंत कोणीतरी तांब्याची केबल टाकली होती, ऑक्टोबरात वीज कडाडली आणि स्विचात शिरली. दोन इमारतींच्या मधे फायबर टाकायची, काचेतून वीज येत नाही. मी गप्प बसलो, कारण असली तांब्याची केबल मी स्वतः निदान दहा ठिकाणी टाकलीय आणि दर वर्षी पावसाच्या तोंडावर आणि जाताना त्यांचे फोन येतात. मी आपला नवीन स्विच विकून मोकळा होतो.

सरांची शिकवायची पद्धत सांगतो. ते लॅब, म्हणजे रॅकवरची सरावाची जोडणी, नीट चालू करून देतात, मग म्हणतात जावा चाय घेऊन येवा, आणि आपण खाली गेलो की वर काहीतरी बिघडवून ठेवतात. परत आलं की पिंग बंद, म्हणजे हाक मारली तर समोरचं यंत्र ओ देत नाही. एकदा दोन राऊटरमध्ये ओएसपीएफ (राऊटरनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) लावलं होतं, छान शेजारी झाले होते, चाय पिऊन आलो तर शेजारीच गायब. केबल बघितली, आयपी बघितले, सबनेट मास्क बघितला, एरिया नंबर बघितला, सगळं बरोबर. पाऊण तास गेला. सर खिडकीत बसून पेपर वाचतायत. शेवटी बँकेतल्या बाईंनी दोन्हीकडे शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ही कमांड मारून ओळ न ओळ ताडून बघितली, तर एका बाजूला हॅलो (मी आहे अशी हाक) १० सेकंद आणि दुसऱ्या बाजूला ५. हॅलो आणि डेड टायमर (किती वेळ हाक आली नाही की शेजारी गेला समजायचं) दोन्हीकडे सारखे नसतील तर शेजार जुळतच नाही. सर म्हणाले, "एकटो धा सेकंदांनी हाक मारता, दुसरो पाचांनी, मगे जमतला कसां?" ही गोष्ट मी व्हिडिओत चार वेळा ऐकली होती, लक्षात राहिली ती त्या दिवशी.

दुसरा नियम म्हणजे "मेल्या, आधी केबल बघ, मग कमांड मार." क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या आठ तारा क्रमाने लावून टोकाला कनेक्टर दाबून बसवणं, पहिल्या आठवड्यातच करून घेतात. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, डोळे मिटून यायला पाहिजे. मला वाटलं हे तर मी रोज करतो, इथं तरी भाव खाऊ. माझी केबल टेस्टरला लावली तर तीन नंबरचा दिवा लागेना. बारा जणांसमोर. तार टोकापर्यंत गेलीच नव्हती. परीक्षेत क्रिम्पिंग करायला सांगत नाहीत हे खरं, पण माझ्या धंद्यात या एका गोष्टीने फी वसूल झाली, शिवाय समुद्राकाठी ते कनेक्टर वर्षभरात हिरवे पडतात ते आता मी आधी बघतो, आधी राऊटरलाच शिव्या द्यायचो.

आता लाईट. इन्व्हर्टर आहे पण त्यावर फक्त ट्यूब आणि पंखा, रॅक नाही. म्हणून लाईट गेली की फळा आणि सबनेटिंग (एका नेटवर्कचे पत्ते छोट्या वाट्यांत वाटणं), हा तिथला कायदा. जुलैमध्ये आमच्या बॅचचं सबनेटिंग फार म्हणजे फारच पक्कं झालं. आणि खरं सांगू, ते मला दुसरीकडे कुठंच कळलं नव्हतं, सगळे ते बायनरीचे तक्ते दाखवतात आणि आपण झोपतो. सरांनी सातबारा काढला. एक जमीन, २५६ घरं, भाऊबंदकीत वाटणी करायची. प्रत्येक वाट्यातलं पहिलं घर कोणाला मिळत नाही, ते त्या वाडीचं नाव, आणि शेवटचं घर दवंडीवाल्याचं, तिथं सांगितलेलं सगळ्या वाडीला ऐकू जातं. म्हणजे नेटवर्क ॲड्रेस आणि ब्रॉडकास्ट. ६४ घरांचा वाटा असेल तर राहायला ६२.

मग मला उठवलं आणि म्हणे तुझ्याच रिसॉर्टचं कर. गेस्टना ५० पत्ते, कॅमेऱ्यांना २५, स्टाफला १०, आणि दोन राऊटरच्या मधल्या लिंकला २. जमीन १९२.१६८.१०.०, स्लॅश २४, म्हणजे तीच २५६ घरं. मी हुशारी केली, आधी छोटं उरकून टाकू म्हणून लिंकला ० ते ३ दिले आणि गेस्टचा ६४ चा वाटा ४ पासून सुरू केला. सर हसले. ६४ चा वाटा ०, ६४, १२८ नाहीतर १९२ लाच सुरू होतो, मधेच कुठून पण कुंपण घालता येत नाही. "वाटणी करताना आधी कोणाक देतत?" मोठ्या भावाक. "मगे हंयसर पण तसांच." मोठा वाटा आधी: गेस्ट ० ते ६३ स्लॅश २६, कॅमेरे ६४ ते ९५ स्लॅश २७, स्टाफ ९६ ते १११ स्लॅश २८, लिंक ११२ ते ११५ स्लॅश ३०. वर ११६ पासून पुढचं सगळं रान मोकळं, उद्या रिसॉर्टवाल्याने अजून चार खोल्या काढल्या तर. हेच डिझाईन मी नंतर खरोखर त्या रिसॉर्टला लावलं आणि बिल पण लावलं.

फ्लोटिंग स्टॅटिक रूट, म्हणजे मुख्य रस्ता बंद पडला तरच वापरायचा हाताने टाकलेला रस्ता, तो पण असाच शिकवला. करूळ घाट बंद झाला की फोंडा घाटाने जायचं, पण करूळ चालू असेपर्यंत फोंड्याचा विचार नाही. राऊटर कमी अंतराचा रस्ता आधी धरतो, म्हणून फोंड्याच्या रूटला अंतर मुद्दाम जास्त द्यायचं. ओएसपीएफचं अंतर ११०, तर बॅकअप स्टॅटिकला १२०-१३० काहीतरी टाका, नाहीतर स्टॅटिकचं मुळातलं अंतर १ असतं आणि चांगला रस्ता सोडून गाडी कायम त्याच घाटात.

एवढं कौतुक झालं, आता नोट्स. सरांच्या नोट्स म्हणजे स्पायरल बाईंडिंगचं जाडजूड पुस्तक, झेरॉक्सचे वेगळे ६०० रुपये. त्यात रिपचं (राऊटरने रस्ते शोधायची जुनी पद्धत) कॉन्फिगरेशन पंचवीस-तीस पानं, ईआयजीआरपी ही तसलीच दुसरी पद्धत तेवढीच, फ्रेम रिले पण आहे. हा सगळा जुना अभ्यासक्रम. २४ फेब्रुवारी २०२० पासून परीक्षा २००-३०१ झाली, त्यात राऊटिंगला स्टॅटिक आणि एका एरियाचं ओएसपीएफ व्हर्जन टू एवढंच करून दाखवायचंय. आणि ऑगस्ट २०२४ पासून त्याचं १.१ व्हर्जन चालू आहे, त्यात टेराफॉर्म आलं, पपेट आणि शेफ गेले (ही सगळी सेटिंग आपोआप करायची सॉफ्टवेअरं), एआय-मशीन लर्निंगचा मुद्दा आला. सरांच्या पुस्तकात ऑटोमेशनमधलं जेसन नाही, रेस्ट एपीआय नाही (प्रोग्रामांनी आपसात माहिती द्यायच्या-घ्यायच्या पद्धती), वायरलेस कंट्रोलर अर्धं पान. विचारलं तर म्हणाले ह्यां वाचून घे घरी, सोपां आसा.

घरी मी वाचलं नाही. सोपंच आहे म्हटल्यावर कोण वाचतो. ऑटोमेशनला १० टक्के वजन आहे, सिक्युरिटीला १५, आणि मी सगळा जोर आयपी कनेक्टिव्हिटीच्या २५ टक्क्यांवर लावून बसलो. परीक्षेची फी ३०० डॉलर, टॅक्स धरून तीस हजाराच्या आसपास जातात. घरून कॅमेरा लावून पण देता येते, पण पावसाळ्यात मालवणात दोन तास लाईट आणि नेट दोन्ही टिकेल याची खात्री मी तरी देणार नाही, तेव्हा मुंबईचं सेंटर घेतलं. रात्रीची कोकणकन्या, पहाटे दादर, स्टेशनवर तोंड धुतलं, आणि सेंटरला. १२० मिनिटं. प्रश्न एकदा सोडला की मागे जाता येत नाही, हे माहीत असून पण पहिल्या लॅबवर मी भलताच वेळ घालवला. लॅब मात्र जमली, हात आपोआप चालत होते, चायनंतरच्या बिघाडांची कृपा. पुढे ऑटोमेशनचे प्रश्न आले आणि मी नुसता बघत राहिलो. नापास. रिझल्टमध्ये विभागवार टक्के येतात, ऑटोमेशनसमोर २०. परतीच्या गाडीत चिपळूणपर्यंत कोणाशी बोललो नाही, घरी फोन करून सांगितलं की रिझल्ट नंतर येतो. (खरं तर मला कळला होता.)

पाच दिवसांनी परत देता येते, मी अडीच महिने घेतले. यावेळी सिस्कोच्या साईटवरून परीक्षेच्या मुद्द्यांची यादी उतरवून घेतली, फुकट आहे, आणि ती भिंतीवर चिकटवून एक-एक ओळ खोडत गेलो. जे पहिल्या दिवशी करायचं ते शेवटी केलं. सरावाला पॅकेट ट्रेसर (राऊटर-स्विचची नक्कल करणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर), ते पण सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचं खातं काढलं की फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि माझ्या मते सीसीएनएला घरात खरी पेटी आणायची गरज नाही. मग क्लासचा रॅक कशाला? कारण पॅकेट ट्रेसरमध्ये केबल सैल होत नाही आणि तुमच्या मागे कोणी टायमर बदलून ठेवत नाही. दुसऱ्या वेळी पास झालो. प्रश्न काय आले ते विचारू नका, सांगणार नाही असं कबूल करूनच परीक्षा देतात. आमच्या बॅचच्या ग्रुपवर कोणीतरी डंप (परीक्षेतले चोरलेले प्रश्न) टाकलं होतं, सरांनी त्याला ग्रुपमधून काढलं, आणि बरं केलं, पकडलं गेलं तर सर्टिफिकेट पण जातं.

तर कोणी लावावा? ज्याला थोडं वाचायची सवय आहे आणि हात चालवायचाय त्याने डोळे झाकून. ज्याला वाटतं की ९ हजार भरले की सर पास करून देतील त्याने ते पैसे परीक्षेच्या फीसाठी ठेवावे. एकदम नवीन असाल, पिंग म्हणजे काय इथून सुरुवात असेल, तर आधी सिस्कोचीच सीसीएसटी नेटवर्किंग बघा, ५० मिनिटांची परीक्षा, १२५ डॉलर. मी सरळ सीसीएनएला उडी मारली, आता वाटतं की एक पायरी घेतली असती तर ते पहिले तीस हजार वाचले असते. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, पुढचं पुढे.

मी नवीन यादीची झेरॉक्स सरांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, टेराफॉर्मला थांबले, म्हणाले ह्यां काय नवीन, बस आणि माका सांग. अर्धा तास मी फळ्यावर आणि ते बाकावर. नोट्स बदलल्यात की नाही ते माहीत नाही, ६०० रुपये देण्याआधी उघडून रिपची पानं मोजा.

नवीन बॅच गणपतीनंतर सुरू होते, गणपतीत विचारायला जाऊ नका, सर कोणाला भेटत नाहीत. जाताना आपली कन्सोल केबल (लॅपटॉपवरून राऊटरला कमांड द्यायची) घेऊन जा, यूएसबीवाली, तिथं बारा जणांत एकच आहे आणि तिची पिन मी वाकवलीय.