केस स्टडीसाठी मुलाखत: घरी जाऊन, फोनवर की फॉर्म भरून?

सामाजिक संस्थेच्या अहवालासाठी किंवा देणगीच्या आवाहनासाठी केस स्टडी, म्हणजे मदत मिळालेल्या एका माणसाची गोष्ट, लिहायची ठरली, की आधी पैशांचा विषय निघतो. लेखकाला घरी पाठवायचं, फोनवर भागवायचं, की कार्यकर्त्यांकडूनच फॉर्म भरून घ्यायचा? तिन्ही पद्धतींनी मी काम केलं आहे. माझ्या लेखी खर्च नंतर येतो. आधी बघायचं ते हे, की समोरच्या माणसाला ‘हे लिहू नका’ असं म्हणणं कोणत्या पद्धतीत सोपं जाईल.

फॉर्मचा निकाल लवकर लागतो. तो स्वस्त पडतो, झटपट होतो, आणि कार्यकर्त्याला त्या घराची माहिती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. पण ज्याच्या हातून मदत मिळते त्यालाच नकार कोण देणार? औषधं बंद होतील ही भीती कोणी बोलून दाखवत नाही, सही मात्र होऊन जाते. शिवाय ‘मदतीपूर्वी’ आणि ‘मदतीनंतर’ या दोन रकान्यांत माणूस मावत नाही. कोणाशी बोलायचं एवढं ठरवायला मी फॉर्म वापरते, त्यावरून गोष्ट लिहीत नाही.

आणि गोष्ट एकाच माणसाची का, याला आधार आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागी लोकांना ५ डॉलर दिले होते. त्यातले हवे तेवढे दान करायचे. मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, नुसती आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. दोन्ही वाचलेल्यांनी दिले १.४३, म्हणजे मुलीच्या गोष्टीला आकडे जोडले आणि हात आखडला. संस्थांनी यातून आकडे बाजूला ठेवायचे एवढंच घेतलं, तर ते अर्धवट राहील. एकाच माणसाच्या खांद्यावर सगळं आवाहन उभं राहणार असेल, तर जपायलाही त्यालाच हवं.

आता खरी निवड, घर की फोन.

घरी गेलं की जे विचारायचं सुचलंच नसतं ते दिसतं. एका बाईंना मी आजारपणाच्या खर्चाबद्दल विचारलं. त्या काही न बोलता उठल्या आणि फळीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल घेऊन आल्या. चार वर्षांच्या पावत्या, तारखेनुसार लावलेल्या, प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं, पैसे कोणाकडून उसने घेतले ते. ही फाइल मला फोनवर कधीच कळली नसती. त्यांच्या परवानगीने मी लेखाची सुरुवात तिथूनच केली.

पण घरी आपण पाहुणे असतो, आणि पाहुण्याला ‘आता पुरे’ म्हणता येत नाही. घरातली माणसं येऊन बसतात, शेजारी डोकावतात. नवऱ्यासमोर, सासूसमोर बाई जे सांगते ते बहुतेक वेळा घराला मान्य असलेलं असतं. तुम्ही लांबून आलात याचंही तिच्यावर दडपण येतं.

फोनवर ती ‘नंतर बोलू’ म्हणू शकते. डोळे भरून आले तर कोणी बघत नसतं. पुष्कळ लोक मला समोरासमोर बोलले नसते ते फोनवर बोलले. फोनची अडचण वेगळीच आहे: पलीकडे खोलीत कोण बसलंय ते आपल्याला दिसत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच विचारते, ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का? नुसतं हो किंवा नाही सांगा.’ दुसरी अडचण शांततेची. समोर असताना माणूस आठवतोय की दुखावलाय ते चेहऱ्यावरून कळतं. फोनवर आपण घाबरून पुढचा प्रश्न टाकतो आणि येऊ घातलेलं उत्तर गिळलं जातं. ही चूक मी बरीच वर्षं केली. आता मनात दहापर्यंत मोजते.

व्हिडिओ कॉलची मी फारशी शिफारस करणार नाही. लोक बोलण्यापेक्षा स्वतःचा चेहराच बघत राहतात.

तेव्हा ठरवताना असं बघा. मूल असेल तर घरीच, त्याचा विश्वास असलेली मोठी व्यक्ती शेजारी हवी, आणि छापताना ओळख पटेल असं काही नको. काम डोळ्यांनी दिसणारं असेल, म्हणजे विहीर, शाळा, शिवणयंत्र, तर जाऊन बघाच. हिंसा, कर्ज, आजार असा विषय असेल तर आधी फोन, आणि तिने बोलावलं तरच घर. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर एका भेटीपेक्षा मी दोन फोन निवडीन.

दुसरा फोन मसुदा वाचून दाखवण्यासाठी. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमांत एक अट आहे: संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. कायदा लागू असो वा नसो, मी ती पाळते, आणि पाळायला हा फोन सगळ्यात सोपा पडतो. मागच्या खेपेला मसुदा ऐकून एका बाईंनी एकच वाक्य काढायला सांगितलं. मला सगळ्यात आवडलेलं तेच होतं. काढलं. कोणतं, ते इथेही लिहीत नाही.