पांगाऱ्याचे जिवंत कुंपण : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास, पांढरकवड्याच्या बाजूला ज्यांचे वावर आहे, त्यांना कुंपणाची गरज वेगळी सांगावी लागत नाही. सोयाबीन वर येताच रोह्यांचे (नीलगाईंचे) कळप येतात आणि तुरीत रानडुकरे शिरतात. दरवर्षी बोराटीच्या काट्या तोडून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, रचायच्या आणि पुढच्या हंगामापर्यंत त्या वाळवीच्या स्वाधीन झालेल्या पाहायच्या, हा खटाटोप थांबावा म्हणून मी दक्षिणेकडच्या धुऱ्यावर पांगारा लावला. तारेत वीजप्रवाह सोडणे मला कधीच मान्य नव्हते. अशा तारांनी विदर्भात वाघांचे आणि माणसांचेही जीव घेतले आहेत.

लागवड फांद्यांपासून केली. पानगळीनंतर आणि नवी पालवी फुटण्याआधी मनगटाएवढ्या जाडीच्या, पाच-सहा फूट लांबीच्या फांद्या तोडल्या. वरचे टोक तिरपे कापले, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही आणि खुंट उलटा लागण्याची भीतीही राहत नाही. काप वाळावा म्हणून फांद्या काही दिवस सावलीत उभ्या ठेवल्या, कारण पांगाऱ्याचे लाकूड इतके मऊ आणि पाणीदार असते की ओला काप थेट काळ्या मातीत गेला, तर खुंट खालून कुजू लागतो. धुऱ्याच्या उंच भागातले बहुतेक खुंट फुटले. जिथे पाणी तुंबते तिथल्या काही खुंटांची साल बोटाने दाबली की आत जात असे आणि आंबूस वास येत असे. भारी जमिनीत वरंबा करूनच लावावे, असे माझे ठाम मत आहे. उन्हाळ्यात खुंटाभोवती पडणाऱ्या भेगा मातीने बुजवून वर सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरले, तर मुळे उघडी पडत नाहीत.

पांगाऱ्याची पानगळ हा दोष आहे, असे अनेकांनी मला सांगितले. दक्षिणेच्या धुऱ्यावर ती सोयीचीच ठरली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि त्या धुऱ्यावरच्या झाडांची लांब सावली माझ्याच वावरात पडते. पण हरभऱ्याला घाटे भरण्याच्या सुमारास पांगारा जवळजवळ निष्पर्ण असतो, त्यामुळे उन्हात अडथळा येत नाही. शिवाय हे शेंगवर्गीय झाड असल्याने त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतील नत्र धरून ठेवतात आणि गळलेला पाला जागीच कुजतो.

मात्र केवळ पांगाऱ्यावर विसंबून राहू नये. कोवळ्या फांद्यांवर आखूड, काळे, टोकदार काटे असतात आणि गुरे त्यांना बिचकतात, परंतु रानडुक्कर दोन बुंध्यांमधून सहज निघून जाते. म्हणून पांगारा हा जिवंत खांब समजावा आणि खालची जागा सागरगोट्याने भरावी. त्याच्या आकड्यांसारख्या काट्यांतून वाट काढणे जनावराला कठीण जाते. सागरगोट्याचे बी कवचाने फार टणक असते. दगडावर घासून, रात्रभर भिजवून लावले की चांगले उगवते.

छाटणीबाबत मात्र संयम हवा. मेंदीप्रमाणे वारंवार छाटल्यास सतत कोवळी पालवी येते आणि नेमक्या त्या पालवीवर गाठी करणारी बारीक गांधीलमाशी अंडी घालते. देठ बोटाएवढे फुगतात, पाने वाकडी होतात. गाठ चिरली तर आत पांढुरक्या अळ्या दिसतात. २००४ साली वर्णन झालेली ही कीड आता भारतातही आहे. असे शेंडे तोडून जाळणे हा मला जमलेला उपाय आहे. खुंटापासून वाढलेल्या झाडाला सोटमूळ नसल्याने वाऱ्यात ते कलंडू नये म्हणून उंची माणसाच्या डोक्याच्या थोडी वर ठेवावी, आणि ही मुख्य छाटणी फुले झडल्यानंतर करावी. हिवाळ्यात छाटल्यास फाल्गुनातली लाल फुले जातात, आणि त्या फुलांवर साळुंक्या, बुलबुल व शिंजीर दिवसभर येत असतात. धुऱ्यावर ती वर्दळ मला हवीच असते. छाटलेला पाला शेळ्या आवडीने खातात, तरी नव्या खुंटांच्या पालवीपर्यंत त्या पहिली दोन वर्षे पोहोचता कामा नयेत.

शेजारच्या भावाने सुरुवातीलाच विचारले होते, "भाऊ, धुरा तर सरकणार नाही ना?" ओळ स्वतःच्या हद्दीत हातभर आत घेतल्यामुळे वाद झाला नाही. यंदा त्यांनाही त्यांच्या ओळीसाठी खुंट हवे आहेत, आणि फुले झडली की ते आम्ही माझ्याच झाडांवरून तोडणार आहोत.