१९३० सालची डबी, १९६५ सालची धून

पावडरची वाजणारी डबी घरी आली आणि तीन दिवस मी नुसती खुशीत होते. चौथ्या दिवशी सकाळी नवरा चहा गाळता गाळता तिची धून गुणगुणायला लागला आणि मधेच थांबून म्हणाला, "अगं, हे तर 'डॉक्टर झिवागो'मधलं आहे." संगीतकार मॉरिस जारने ती धून त्या सिनेमासाठी केली, आणि सिनेमा आला १९६५ साली. माझी डबी १९३० सालची. म्हणजे १४५ डॉलर मी १९३० सालच्या डबीचे मोजले होते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे जुन्या सामानाच्या बाजारात म्युझिकल पावडर बॉक्स बरेच मिळतात. बायका ड्रेसिंग टेबलावर ठेवायच्या ती गोल डबी. आत पावडरची काचेची वाटी, वर पफ, बुडाशी चावीचं यंत्र. झाकण उघडलं की वाजते, मिटलं की गप्प. झाकणाखाली एक बारीक तार असते. झाकण मिटल्यावर ती दबते आणि यंत्रातल्या इवल्याशा पंख्याला अडवते, एवढीच करामत. मला या डब्यांचं वेड आहे, आणि विक्रेत्याने ते पहिल्या दोन मेसेजमध्येच ओळखलं असावं.

ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं होतं: सेल्युलॉइडचं (म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकचं) झाकण, स्विस यंत्र, 'थोरेन्स', अस्सल १९३०. थोरेन्स म्हणजे स्वित्झर्लंडच्या सँत-क्रुआ गावची १८८३ सालची कंपनी. ते नाव वाचलं आणि माझी अक्कल गहाण पडली. व्हिडिओ मागितला तर आला, पण मुका. म्हणे फोनचा माइक बिघडलाय. मग १५ डॉलरची सूट, अट एकच: पैसे वेबसाइटवरून न देता पेमेंट ॲपमधल्या 'मित्रांना पाठवा' या पर्यायाने द्यायचे. मी दिले. त्या पर्यायात वस्तू खरेदी केल्याची नोंदच होत नाही, मग तक्रार कशाची करणार? पंधरा डॉलर वाचवले आणि एकशे पंचेचाळीसवर पाणी सोडलं.

मी अगदीच डोळे मिटून बसले होते असंही नाही. डबी आल्या आल्या झाकणाच्या कडेवर अंगठा घासून ती गरम केली आणि वास घेतला. कापराचा वास आला, आरतीच्या तबकासारखा. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच, त्यामुळे झाकण खरं आणि जुनं. तिथेच माझं समाधान झालं. सोंग झाकणात नव्हतंच, ते बुडाशी होतं.

झिवागोचा उलगडा झाल्यावर बुडाला चिकटवलेलं हिरवं फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, सोलून काढलं. फेल्ट कोरं करकरीत, गोंद अजून चिकट. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. खाली यंत्राच्या स्क्रूंशेजारी जुनी भोकं होती, कडा काळवंडलेल्या, रिकामी. नव्या भोकांची कड लख्ख. आणि यंत्राच्या पट्टीवर कोरलेलं: 'सांक्यो, जपान'. ही जपानी कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर या धंद्यात आली. यंत्र वाईट नाही हो, उलट चांगलं वाजतं. पण १९३० सालच्या डबीत ते बसणार कसं? खरं यंत्र मोडलं असेल किंवा वेगळं विकलं असेल, आणि खोक्यात हे कोंबलं.

त्यावर कडी म्हणजे 'सफाई'. मळकट दिसू नये म्हणून विक्रेत्याने यंत्रावर तेलाचा फवारा मारला होता. वाटीतून सांडलेली पावडर आणि ते तेल मिळून फणीच्या दातांमध्ये भिजवलेल्या कणकेसारखा लगदा झालेला. फणी म्हणजे पोलादी दातांची पट्टी. नळकांड्यावरची टोकं एकेक दात उचलून सोडतात आणि सूर निघतो. तो लगदा काढायला माझा अख्खा रविवार गेला. आधी झाकण उघडून चावी पूर्ण उतरू दिली. भरल्या चावीवर पंखा सैल केला किंवा काढला तर नळकांडं भर्रकन सुटतं आणि दात तुटतात, मग काही उरत नाही. नंतर डबी पालथी धरून मऊ ब्रशने झटकली, दातांमध्ये लाकडी टूथपिक. तोंडाला मास्क, कारण जुन्या टाल्कम पावडरमध्ये कधीकधी ॲस्बेस्टॉस निघतं. झाकणाला नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका, सेल्युलॉइड विरघळतं. आणि मेणबत्तीजवळ तर नकोच, भडकन पेटतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "यंत्र रिस्टोअर केलेलं आहे, मी कुठे नाही म्हटलं?" मग त्याने मला ब्लॉक केलं.

आता मी विकत घेण्याआधी तीनच गोष्टी मागते: चावी भरल्यापासून थांबेपर्यंतचा आवाजासकट व्हिडिओ, फेल्टखालच्या स्क्रूंचा फोटो, आणि फणीचा इतका जवळून फोटो की दात मोजता यावेत. 'जास्त चावी दिल्यामुळे अडकलंय' असं कुणी म्हटलं तर मी पुढे बोलत नाही. जास्त चावीने स्प्रिंग बिघडत नाही, अडकलेलं यंत्र वाळलेल्या तेलाने नाहीतर मोडलेल्या भागाने अडकतं.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीच्या फोनवरून त्या विक्रेत्याचं पान उघडलं. नवी डबी लावली आहे, गुलाबी, 'स्विस, १९३०'. बुडाला तेच हिरवं फेल्ट. व्हिडिओ आहे, आवाज नाही.