प्रेझेंट टेन्सचं प्रॅक्टिस बुक: घ्या, पण उत्तरं डोळे झाकून तपासू नका

लेक सहावीत गेली तरी "ही गो टू स्कूल" काही सुटेना, म्हणून मे महिन्यात कुडाळला गेलो तेव्हा हे पुस्तक घेतलं. १२० रुपये, नुसता प्रेझेंट टेन्स, चारही प्रकार. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे बडबड केलीय.

चांगलं आधी सांगतो. सराव दणकून आहे. नुसतं वॉक-वॉक्स करून सोडलेलं नाही, गो-गोज, वॉश-वॉशेस, ट्राय-ट्राइज पण प्ले-प्लेज कारण तिथे वायच्या आधी स्वर आहे, हॅवचं हॅज, सगळ्याला वेगवेगळं पान. आयएनजी लावताना मेकचा ई जातो, रनला एन डबल होतो, हे हाताला वळण लागल्याशिवाय बसत नाही, आणि इथे वळण लागतं. डझच्या पानावर तर पैसे वसूल. लेकीला म्हटलं एस एकच आहे, तो डझने उचलला की गोला मिळणार नाही, लगेच पटलं तिला, धाकट्या भावाबरोबर जत्रेतलं खाजं वाटून घ्यायची सवय आहे ना!

आणि नेमकं तिथेच मागे उत्तरात छापलंय "डझ ही प्लेज". पोरगी माझ्याकडे बघतेय, मी पुस्तकाकडे. प्रूफ कोणी बघितलं की नाही?

दुसरी तक्रार, प्रत्येक पानावर वर मोठ्या अक्षरात सिंपल प्रेझेंट असं लिहिलेलं असतं, मग पोरं वाक्य वाचतच नाहीत, कंसातल्या क्रियापदाला एस चिकटवून पुढे. खरी परीक्षा सिंपल की कंटिन्युअस हे ओळखण्यात आहे, आणि तसे मिक्स प्रश्न शेवटची दोनच पानं. उदाहरणं पण बर्फाची आणि स्केटिंगची. आई ऐकत होती, म्हणाली "हयसर खंय बर्फ पडता गो?" शेवटी आम्हीच वाक्यं केली. होड्या रोज समुद्रात जातात तर बोट्स गो, आज वारा आहे म्हणून जात नाहीयेत तर बोट्स आर नॉट गोइंग टुडे. जून-जुलै मासेमारी बंद असते हा दरवर्षीचा नियम, म्हणून डू नॉट गो. एवढ्यात फरक कळला.

मजा पुढे आहे. लेकीचा प्रश्न, मराठीत तो जातो, ती जाते, मग इंग्रजीत ही आणि शी दोघांना गोजच कसं? पुस्तकात यावर अक्षर नाही. तर आईच भाजी निवडता निवडता म्हणते, आपल्यात तरी काय, मी जातंय, तू जातंस, तो जाता, ती पण जाताच. अरे हो की! मालवणीत वर्तमानकाळात तो असो की ती, क्रियापद एकच. शाळेच्या मराठीने गोंधळ घातलेला तो घरच्या बोलीने सोडवला. माझं इंग्रजी पाचवीपासून, २००० सालानंतर ते पहिलीपासून झालं, पण हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या प्रकाराला, म्हणजे परफेक्ट कंटिन्युअसला, मात्र जेमतेम अर्धं पान, आणि आपण मराठी माणसं आपटतो तिथेच. "मी दहा वर्षं इथे राहतोय" याचं आपण सरळ आय ॲम लिव्हिंग करतो, पाहिजे हॅव बीन लिव्हिंग, पुढे दहा वर्षं असतील तर फॉर, अमुक सालापासून असेल तर सिन्स. नो (माहीत असणं), हॅव (जवळ असणं) असल्या आयएनजी न लागणाऱ्या क्रियापदांना एक चौकट दिलीय, त्यात आय नो बरोबर, आय ॲम नोइंग चूक, बस्स. ती चौकट बघून मला घाम फुटला, कारण आमच्या होमस्टेला फोन आला की मी इतकी वर्षं "आय ॲम हॅविंग टू रूम्स" म्हणतोय, आणि गेल्या सीझनला एका पाहुण्याने विचारलेलं, म्हणजे नंतर नसतील का?

कागद पातळ आहे, पेनाने लिहिलं की मागच्या पानावर उमटतं. पेन्सिल घ्या.